वंश स्वतः ठरवता येतो का? जातीच्या दाखल्यांचे खटले चालवणाऱ्या बडोद्याच्या वकिलाचं उत्तर

प्रश्न: आमची मुलगी बडोद्यात पदवी घेऊन पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेला जायच्या तयारीत आहे. अर्जात वंशाचा रकाना आहे, त्यावरून घरात वाद पेटला. ती म्हणते, लिंग माणसाला स्वतः ठरवता येतं, तर वंश का नाही? अमेरिकेत एका गोऱ्या बाईनं स्वतःला काळी म्हटलं तर तिला एवढं का झोडपलं? मी म्हणालो, ते ढोंग होतं. त्यावर तिनं आमच्याच सोसायटीतल्या एका मराठी कुटुंबाचं उदाहरण दिलं. त्यांनी आडनाव बदललंय आणि जात ते कुणाला सांगत नाहीत. 'मग तेही ढोंगच का, बाबा?' याला मला उत्तर देता आलं नाही.

उत्तर: तुमच्या मुलीनं बरोबर ठिकाणी बोट ठेवलंय. गोरी बाई आणि तुमचे शेजारी, दोघांनाही एकाच शब्दात 'ढोंगी' म्हणून मोकळं होता येत नाही. का येत नाही ते नीट सांगायचं तर थोडं लांबून यावं लागेल.

बडोद्याचं कोर्ट न्यायमंदिराच्या जुन्या इमारतीत भरायचं तेव्हापासून मी वकिली करते. जातीचे दाखले, दत्तक, नावबदल, आंतरजातीय लग्नातल्या मुलांचे हक्क हे माझं रोजचं काम. 'मी कोण' हे कागदावर सिद्ध करायला निघालेली माणसं माझ्यासमोर बसतात. अमेरिकेतल्या वादाकडेही मी त्याच खुर्चीतून पाहते, आणि वकिलाला पहिला प्रश्न पडतो तो हा, की या गोष्टीचा पुरावा कुणाकडे असतो?

आधी ती अमेरिकेतली गोष्ट. रेचल डोलेझाल ही वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरात कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एन.ए.ए.सी.पी. या जुन्या संघटनेच्या शाखेची अध्यक्ष होती. विद्यापीठात आफ्रिकन-अमेरिकन विषय शिकवायची. जून 2015 मध्ये तिच्या आईवडिलांनी जाहीर केलं, की आम्ही दोघंही गोरे आहोत आणि ही आमची पोटची मुलगी आहे. तिला अध्यक्षपद सोडावं लागलं. दूरचित्रवाणीवर तिनं सांगितलं, मी स्वतःला काळीच मानते. तिच्या घरात दत्तक घेतलेली काळी भावंडं होती, ती त्यांच्याबरोबर वाढली होती, आणि शाखेतलं तिचं काम खोटं होतं असं कुणी म्हणत नव्हतं. तिच्या भावना खोट्या होत्या असं मीही म्हणणार नाही. भावना खऱ्या की खोट्या हे ठरवायचं साधन माझ्याकडे नाही, कोर्टाकडेही नसतं.

पण तिच्या आयुष्यातला एक कागद मला फार बोलका वाटतो. 2002 मध्ये तिनं हॉवर्ड विद्यापीठावर दावा लावला होता. ही संस्था ऐतिहासिकदृष्ट्या कृष्णवर्णीयांची. आणि दाव्यातली तिची एक तक्रार अशी, की मी गोरी असल्यामुळे मला डावललं. दावा टिकला नाही. म्हणजे गोरी असण्याचा उपयोग होता तेव्हा ती गोरी होती, आणि काळी असण्यानं मान आणि व्यासपीठ मिळालं तेव्हा काळी झाली. परतीचं तिकीट तिच्या पर्समध्ये कायम होतं. स्पोकेनमधल्या कुठल्याही काळ्या बाईकडे तसलं तिकीट नव्हतं.

सप्टेंबर 2020 मध्ये जेसिका क्रूग या इतिहासाच्या प्राध्यापिकेनं स्वतःच कबूल केलं, की मी कॅन्सस सिटीच्या गोऱ्या ज्यू घरातली आहे आणि वर्षानुवर्षं काळी म्हणून वावरले. तिनं नोकरी सोडली. भारतीय वंशाच्या एका तरुणानंही 2015 मध्ये जाहीरपणे सांगितलं होतं, की वैद्यकीय महाविद्यालयात प्रवेश मिळावा म्हणून 1990च्या दशकाच्या शेवटी मी डोकं भादरून, मधलं नाव वापरून अर्जात स्वतःला काळा म्हणवलं. हे उदाहरण तुमच्या मुलीला जरूर सांगा, कारण हा मोह आपल्या घरांपासून फार लांब नाही.

आता तिच्या मुख्य मुद्द्याकडे येते. लिंग चालतं, मग वंश का नाही? हा प्रश्न पोरकट नाही. 2017 मध्ये रेबेका ट्युव्हेल या तत्त्वज्ञानाच्या अभ्यासिकेनं 'हायपॅशिया' या स्त्रीवादी नियतकालिकात जवळपास हेच मांडलं होतं. शेकडो अभ्यासकांनी खुलं पत्र लिहून लेख मागे घ्यायला सांगितलं, सहसंपादकांनी माफी मागितली, पण मुख्य संपादिका ठाम राहिली आणि लेख कायम राहिला. राहिला ते बरंच झालं. युक्तिवाद पटत नसेल तर प्रतियुक्तिवाद करावा, तोंड दाबू नये.

माझा प्रतियुक्तिवाद पुराव्याचा आहे. लिंगओळखीच्या बाबतीत साक्षीदार एकच, तो माणूस स्वतः. कुठल्याही घरात, कुठल्याही जातीत, श्रीमंताकडे किंवा गरिबाकडे जन्माच्या लिंगाशी मन न जुळणारं मूल येऊ शकतं, आणि बहुतेक वेळा त्या घरात त्याच्यासारखं ते एकटंच असतं. ती ओळख आजोबांकडून वारशानं येत नाही. आजोबांची जमीन गेली का, पणजीला विहिरीवर पाणी भरू दिलं का, यावर ती ठरत नाही. म्हणून आपल्या सर्वोच्च न्यायालयानं 15 एप्रिल 2014 च्या 'नाल्सा' (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या) निकालात स्वतःचं लिंग स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला, आणि त्यासाठी शस्त्रक्रियेची सक्ती करता येणार नाही असंही म्हटलं. तो निकाल मला योग्य वाटतो.

वंशाच्या आणि जातीच्या बाबतीत पुरावा माणसाच्या मनाबाहेर असतो. पिढ्यांच्या इतिहासात असतो, दुसऱ्यांच्या वागण्यात असतो. आजोबांना कोणत्या शाळेत बसू दिलं, आईला कुठली कामं मिळाली, घर कुठल्या वस्तीत घ्यावं लागलं, पोलीस थांबवतात तेव्हा काय होतं. हे सगळं माझ्या मनाला काहीही वाटलं तरी बदलत नाही. मी उद्या मनापासून वेगळं काही मानलं, तरी माझ्या आजीला मिळालेली वागणूक मागे जाऊन वेगळी होत नाही. त्यामुळे एका ठिकाणी माणसाचा शब्द हा सर्वात चांगला पुरावा ठरतो आणि दुसऱ्या ठिकाणी तोच शब्द एकटा असेल तर फार कमकुवत ठरतो.

इथे एक धोका आहे, आणि त्यात बरेच शहाणे लोक पडतात. 'मनानं ठरत नाही' म्हटलं, की पुढचं वाक्य येतं, 'म्हणजे रक्तानं ठरतं.' ते मला बिलकूल मान्य नाही. वंशाची रक्तात ठाम सीमारेषा सापडत नाही. 1972 मध्येच रिचर्ड लेवॉन्टिननं दाखवलं होतं, की माणसामाणसांतल्या जनुकीय फरकांपैकी सुमारे 85 टक्के फरक एकाच लोकसमूहाच्या आतच सापडतो. आणि रक्त मोजायला बसलेल्या कायद्यांनी काय केलं ते बघा. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यात 1970च्या कायद्यानं काळ्या रक्ताच्या 32 पैकी एका हिश्श्याची रेघ आखली होती, त्याहून जास्त असेल तर माणूस काळा. जन्मभर गोरी म्हणून जगलेल्या एका बाईला पासपोर्ट काढताना कळलं, की सरकारी कागदावर आपण काळ्या आहोत. ती कोर्टात गेली, हरली. तो कायदा 1983 मध्ये रद्द झाला.

दक्षिण आफ्रिकेत 1950च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याखाली वंश ठरवायला केसात पेन्सिल खोचून बघत, ती अडकली की खाली पडली. सँड्रा लेंग ही गोऱ्या आईबापांची मुलगी. 1966 मध्ये तिला सावळी आणि कुरळ्या केसांची म्हणून गोऱ्यांच्या शाळेतून पोलिसांकरवी घरी पाठवलं आणि कागदावर तिचा वंश बदलला. पुढच्याच वर्षी जन्मदात्यांचा वंश बघायचा असं ठरलं, तेव्हा ती पुन्हा गोरी. मुलगी तीच, चेहरा तोच.

आपल्या माणसाचंही उदाहरण आहे. भगतसिंग थिंड हे पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात होते. तेव्हा तिथे बाहेरून आलेल्याला नागरिकत्व मिळवायला कायद्यानं 'गोरा' किंवा आफ्रिकी वंशाचा असावं लागे. 1922 मध्ये ओझावा नावाच्या जपानी माणसाला अमेरिकेच्या सर्वोच्च कोर्टानं सांगितलं, गोरा म्हणजे कॉकेशियन वंशाचा, तू तो नाहीस. थिंड म्हणाले, वंशशास्त्राप्रमाणे मी कॉकेशियन आहे. फेब्रुवारी 1923 मध्ये त्याच कोर्टानं उलट फिरून सांगितलं, शास्त्र काही म्हणो, सामान्य गोऱ्या माणसाच्या समजुतीप्रमाणे तुम्ही गोरे नाही. कसोटी हवी तशी फिरवली. मला या खटल्यात दुसरी एक गोष्टही सलते. थिंड यांच्या बाजूनं उच्च जातीचा आधार घेतला गेला होता. अमेरिकन गोरा जसा काळ्यांशी सोयरीक टाळतो तसाच उच्चवर्णीय हिंदू इथल्या आदिम जमातींशी टाळतो, असा तो युक्तिवाद. गोरेपणाच्या दारात उभं राहताना आपण जात पुढे केली. अमेरिकेतल्या वंशवादावर आपण बोलतो तेव्हा हे आठवायला हवं.

मग मनही नाही आणि रक्तही नाही, तर काय? याचं मला पटलेलं उत्तर आपल्याच न्यायालयांत आणि आपल्याच गुजरातच्या एका माणसाच्या खटल्यात मिळालं. रमेशभाई डाभाई नायका विरुद्ध गुजरात राज्य, जानेवारी 2012. आई आदिवासी नायक, वडील क्षत्रिय. वडील बिगरआदिवासी म्हणून रमेशभाईंचा जमातीचा दाखला रद्द झाला होता. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मूल वडिलांच्या जातीचं हे गृहीतक धरता येईल, पण तो शेवटचा शब्द नाही. मुलाला दाखवू द्या, की त्याला आईनं तिच्या समाजात वाढवलं, वडिलांच्या जातीचा फायदा त्याला मिळाला नाही, आईच्या समाजाला जी हेळसांड आणि अपमान वाट्याला येतात ते त्यानंही सोसले, आणि त्या समाजानं आणि बाहेरच्यांनीही त्याला तसंच वागवलं. काय सोसलं, कुणी कसं वागवलं, सुरुवात कुठून झाली, यावर पुरावा घ्या असं ते सांगणं आहे.

याच्या जोडीला 1996चा वल्सम्मा पॉल खटला ठेवा. पुढारलेल्या सीरियन ख्रिश्चन घरातल्या बाईंनी मागास लॅटिन कॅथलिक समाजातल्या पुरुषाशी लग्न केलं आणि त्या समाजाच्या राखीव जागेवर हक्क सांगितला. न्यायालय म्हणालं, लग्नानं तुम्ही त्या घरच्या झालात, पण आयुष्याची सुरुवात तुम्ही पुढारलेल्या घरात केली. ती राखीव जागा तुमच्यासाठी नाही. दोन्ही निकाल एकत्र वाचले की माझी भूमिका तयार होते. नवं घर, नवा समाज, नवी भाषा, नवा धर्म माणसाला स्वीकारता येतो, आणि यावाच. पण त्या समाजानं सोसलेल्या गोष्टींची भरपाई म्हणून जे ठेवलंय, त्यावर हात ठेवायचा असेल तर ते सोसणं तुमच्या वाट्याला आलेलं असलं पाहिजे.

ओळख बदलायला माझा विरोध आहे असं समजू नका. बडोद्यात बसून तसं म्हणणं शक्यच नाही. 1875 मध्ये नाशिककडच्या कवळाणे गावातला गोपाळ नावाचा शेतकऱ्याचा मुलगा बडोद्याच्या राणी जमनाबाईंनी दत्तक घेतला आणि तो सयाजीराव महाराज झाला. दत्तक हा तर आपल्याकडचा जुना, सर्वमान्य मार्ग. पण तो उघड्यावर होतो. सगळ्यांसमोर होतो, जे देतात आणि जे घेतात त्या दोघांची संमती असते. डोलेझालच्या बाबतीत नेमकं हेच नव्हतं. ज्या समाजात ती गेली त्या समाजाला कुणी विचारलं नव्हतं, खरं सांगितलंही नव्हतं.

आपल्याकडच्या दाखल्यांच्या जगात अन्याय नाहीत असंही नाही. अनुसूचित जातींची यादी राज्यवार आहे. ही यादी ठरवणाऱ्या 1950च्या आदेशानंतर जळगाव-धुळ्याकडून इथे कामाला आलेल्या कुटुंबाला बडोद्यात गुजरातच्या राखीव जागा मिळत नाहीत. 1990च्या मारी चंद्रशेखर राव निकालापासून हेच चालत आलंय. जात तीच, अपमानही तोच, फक्त राज्याची हद्द ओलांडली. गीर, बरडा आणि आलेचच्या जंगलातल्या नेसांमध्ये, म्हणजे गुराख्यांच्या वस्त्यांमध्ये, राहणारे रबारी, भरवाड आणि चारण अनुसूचित जमातीत येतात, बाहेरचे येत नाहीत. म्हणून पणजोबा नेसात राहत होते का, यावर पिढ्यांनंतर खटले चालतात. अशा वेळी मामलतदार कचेरीच्या पायऱ्या झिजवणाऱ्या खऱ्या माणसाचा संताप मी रोज बघते. आणि त्याच कचेरीतून खोटा दाखला काढून नेणाराही बघते. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं, की खोट्या दाखल्यावर मिळालेली नोकरी किंवा प्रवेश टिकणार नाही, हेतू वाईट नव्हता असं म्हणूनही टिकणार नाही. हा निकाल काहींना कठोर वाटतो, मला वाटत नाही. त्या खुर्चीवर बसायचं होतं असं एक मूल कुठेतरी होतं.

आता तुमच्या शेजाऱ्यांकडे येते. त्यांच्याबद्दल बोलायला बडोद्यात एकच गोष्ट पुरेशी आहे. सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात शिकून आलेले डॉ. आंबेडकर करारानुसार नोकरीसाठी 1917 मध्ये बडोद्याला आले. राहायला जागा मिळेना. ते एका पारशी विश्रांतिगृहात गेले. तिथल्या रखवालदारानं पाहिलं, अंगात पारशांचा धार्मिक सदरा नाही, कमरेला कस्ती हा पवित्र दोरा नाही, म्हणजे हा पारशी नाही. शेवटी वहीत पारशी नाव लिहायचं या अटीवर त्यानं त्यांना ठेवून घेतलं. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले पारशी चालून आले आणि जागा सोडायला सांगितलं. दोन ओळखीच्यांकडे विचारून झालं, एक हिंदू, एक ख्रिश्चन. दोघांनीही टाळलं. कमाटीबागेत वेळ काढून त्यांनी रात्रीची मुंबईची गाडी धरली. त्यांनी हे स्वतःच लिहून ठेवलंय, आणि बागेतल्या त्या जागेला आज आपण संकल्पभूमी म्हणतो.

जगातल्या एका मोठ्या विद्यापीठात शिकून आलेल्या त्या माणसाला दुसरं नाव घ्यावं लागलं, डोक्यावर छप्पर हवं म्हणून. त्यांनी त्या नावानं कुणाची जागा बळकावली नाही, कुणाच्या दुःखाचा मक्ता घेतला नाही. पूर्ण भाडं देऊनच ते राहत होते. अमेरिकेतही गुलामगिरीच्या काळापासून उजळ वर्णाची काळी माणसं गोरी म्हणून वावरली, ती जीव वाचवायला, नोकरी मिळवायला, आगगाडीत बसायला. हे लपणं आणि डोलेझालचं घेणं एकाच तागडीत घालू नका. खाली दाबलेला माणूस मार चुकवायला नाव बदलतो, तेव्हा खोटेपणाचा दोष मारणाऱ्याकडे जातो. वर बसलेला माणूस खालच्याचं नाव घेऊन त्याच्या वाट्याचं व्यासपीठ घेतो, तेव्हा दोष त्याच्याकडेच राहतो. शिवाय बाबासाहेबांना ते नाव अकरा दिवससुद्धा धड पुरलं नाही. डोलेझालला वर्षानुवर्षं पुरलं. कोणाला कोणाचं रूप किती सहज घेता येतं, यातच कोण वर आणि कोण खाली हे कळतं.

तुमच्या मुलीच्या अर्जाचं आता लवकर सांगते. तिनं 'आशियाई' लिहावं, किंवा उत्तर द्यायचं नसेल तर तसा पर्याय असतो तो निवडावा. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं हार्वर्डच्या खटल्यात वंश पाहून प्रवेश देण्याची पद्धत अमान्य केली. त्यामुळे रकान्यात दुसरं काही लिहून फायदा होईल असं एखादा एजंट सांगत असेल तर तो फसवतोय, आणि खोटी माहिती उघड झाली तर प्रवेश जाऊ शकतो. निबंधात स्वतःच्या आयुष्यावर मात्र तिनं मोकळेपणानं लिहावं. बडोद्यात मराठी घरात वाढणं, गुजराती मैत्रिणींत वावरणं, दोन भाषांत स्वप्नं पडणं, हे तिचं खरंखुरं आहे आणि ते दुसऱ्या कुणाचं हिरावून घेतलेलं नाही.

शेजाऱ्यांबाबत कायदा सरळ आहे. राजपत्रात जाहिरात देऊन नाव किंवा आडनाव बदलणं पूर्णपणे कायदेशीर आहे. त्यानं जात बदलत नाही, त्यामुळे त्यांचे जातीचे हक्क जसेच्या तसे राहतात. जुन्या नावाचा दाखला, शाळेची एल.सी. आणि राजपत्राची प्रत त्यांनी एकत्र जपून ठेवावी, पुढे मुलांच्या दाखल्याच्या वेळी तीच लागते. घर घेताना किंवा भाड्यानं देताना शेजाऱ्याला जात सांगायची सक्ती कुणावरही नाही. उद्या सोसायटीत कुणाला कळलं आणि त्यांना वाळीत टाकायची भाषा सुरू झाली, तर 1989च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात 2015च्या दुरुस्तीनं अनुसूचित जातीच्या माणसावर सामाजिक बहिष्कार टाकणं, किंवा त्याची नुसती धमकी देणं, हाही गुन्हा आहे. हे सोसायटीच्या सेक्रेटरींना तुम्ही आधीच ऐकवून ठेवा. त्या कुटुंबाचं नाव न घेता, सर्वसाधारण सभेत, सगळ्यांसमोर.